वरून बघायचा कॅमेरा

महाडच्या स्टँडवर मुंबईच्या गाडीसाठी रांगेत उभा होतो. माझ्यापुढे दोन फोटोग्राफर होते, महाडचे मुरादभाई आणि पोलादपूरचा मालोजी.

"मुरादभाई, मुंबईहून नवा कॅमेरा परत रोलीफ्लेक्सच आणणार? आता डोळ्याला लावायचा घ्या की."

"तो लावला की गावच्या बायका नजर खाली घालतात. यात मीच मान खाली घालून काचेत बघतो. मग त्या खुशाल वर बघतात."

"वरून बघायचे दुसऱ्या कंपन्यांचे पण मिळतात, स्वस्तात."

"मिळू देत. मला हीच कंपनी पायजे."

"मग जुना दुकानात देऊन टाका, नव्याची किंमत कमी करतील."

"जुना नाय देणार. आमची रहिमा माझ्याकडं सरळ कधी बघायचीच नाय. एकदाच बघितलंन, त्याच्या काचेत."

"मग भाभींना नव्यासमोर बसवा की!"

"असती तर बसवली असती रे."