तेल बंद केलं, भात वाढवला

माहेर माझं चिचगडकडचं, पोरी, अन् सासर हे देवरीजवळचं, दोन्हीकडे धानच धान. आमच्याकडे जेवला का असं विचारत नाहीत, भात खाल्ला का विचारतात. तुझे मोठे बाबा, आमचे हे, अंगानं काडी, पोट तेवढं जरासं पुढे, धानाचं पोतं एकट्यानं उचलत. अशा माणसाच्या रक्तात चरबी निघाली म्हणाले तवा मी हासलीच. साखरही थोडी वाढली म्हणे. गोंदियाचा डॉक्टर मान वर न करता बोलला, तेल-घी बंद, मटन बंद, चलो, अगला.

बंद केलं. काय सांगू तुले, भाजी पाण्यात शिजवली, कढई खुंटीले टांगली. पण पोट तं भरलं पाहिजे ना, म्हणून सकाळी पेज, दुपारी भाताचा ढीग, रात्री पुन्हा ढीग, अन् ताकद राहावी म्हणून चहात जास्तीची साखर. पथ्य म्हणूनच देत होतो आमी! भातानं काऊन कोणाचं वाईट होईल?

पुन्हा रक्त तपासलं तं चरबी आणखी वाढलेली. डॉक्टर यांच्यावरच खेकसला, चोरी से खाता है क्या. हे म्हणत, नाही साहेब, लेकरायची आन. कोण ऐकते? घरी तुझी आजी म्हणे, हॉटेलात भजे हाणत असंल, नाही तं ही सून लपून फोडणी देत असंल. तवापासून हे खाली मान घालून जेवत.

मग रोवणीत, धान लावता लावता, शेतातल्या बांधीच्या धुऱ्यावर टेकले ते उठेच ना. छातीवर हात, घामानं चिंब. नागपूरले नेलं, जीव वाचला. तिथल्या डॉक्टरीणबाईनं पहिल्यांदा विचारलं, थाळीत काय राहते? सांगितलं तशी ती कपाळाले हात लावून बसली. म्हणे, बारीक माणसालेही होते हे, शरीर इन्सुलिनचं ऐकेनासं होते, मग जास्तीच्या भाताची अन् साखरेची चरबी आतलं लिव्हरच बनवते, तीच रक्तात जाते अन् हृदयाच्या नळ्या बुजवाले लागते.

हे खाटेवर लेकरासारखे रडले. दुखलं म्हणून नाही. म्हणे, ऐकलं ना, मी चोर नाही.

सांग मले, एवढं विचाराले किती वेळ लागते? धानाच्या मुलखात दवाखाना टाकून बसता अन् भात किती खाता हे विचारत नाही? उलट माणसालेच चोर म्हणता?

आता ओसरीत बसून राहतात, बांधीपर्यंत गेले का धाप लागते. डाळ, भाजी, अंडं देते, भात वाटीभर. म्हणतात, एवढा तं चिमण्यायले टाकतात. मी म्हणते, मंग चिवचिव करा, वाटी तेवढीच. तुझी आजी अजूनही म्हणते, भजे खाल्लेच असतील त्यानं. म्हणू दे. माणूस डोळ्यासमोर आहे, त्यावरच भागवते मी. तू शिक, पोरी, सुखी राहा. माझा राग काही निवणार नाही, त्याले इलाज नाही.