काही शंका?

शीला : नाही सर, मी सही नाही करणार. हे पत्र खोटं आहे.

सुधीर : खोटं काय आहे त्यात? पुन्हा वाच. 'प्रोग्राम तपासला. प्रोग्राममध्ये दोष नाही. ऑपरेटरने चुकीचा आकडा टाकला.' दौलतने साडेचारच्या जागी पंचेचाळीस टाकले की नाही?

शीला : टाकले. त्या कीबोर्डवरचं पॉइंटचं बटण अडकतं, मी दोनदा सांगितलेलं. पण पंचेचाळीस लिटर ॲसिड म्हटल्यावर आपल्या प्रोग्रामने काय केलं? 'ओके' म्हणून मुकाट चिठ्ठी छापली. आणि खाली धाकूने ती चिठ्ठी वाचून तेवढं टाकीत ओतलं, ते उसळून त्याच्या तोंडावर उडालं.

सुधीर : प्रोग्रामला जे सांगितलं ते त्याने केलं. अगं, यंत्र आहे ते.

शीला : आधी असं नव्हतं. आकडा दहाच्या वर गेला की थांबायचं, बीप वाजायची, लाल ओळ यायची, 'आकडा पुन्हा तपासा'. मीच लिहिलेलं ते.

सुधीर : आणि दसऱ्याला काय झालं ते विसरलीस? कोलशेतच्या कारखान्यात कम्प्युटरला हारबीर घातलेला, पेढे वाटलेले. मॅनेजरसाहेबांनी स्वतःच्या हाताने पहिला आकडा टाकला, त्यांच्या हेडऑफिसच्या माणसांसमोर. आणि तुझ्या त्या यंत्राने जी बोंब मारली! कामगारसुद्धा हसले. साहेब महिनाभर माझा फोन घेत नव्हते.

शीला : त्यांचा आकडा चुकला होता, सर.

सुधीर : कळतं गं मला! पण मोठ्या माणसाला चारचौघांत 'तुम्ही चुकलात' म्हणायचं नसतं. एवढी साधी रीत आहे.

शीला : म्हणून तुम्ही सांगितलंत, काढून टाक. आणि मी काढलं. दहा मिनिटं लागली. अपघाताला आठ दिवस झाले, तीच दहा मिनिटं आठवतायत मला.

सुधीर : मग तेव्हाच बोलायचं होतंस.

शीला : इथे? इथे कोण बोलतं सर? प्रमोदिनी बोलली होती एकदा, सोमवारच्या मीटिंगला. 'समजा कोणी भलताच आकडा टाकला तर?' तुम्ही म्हणालात, 'आपण गाढवांसाठी प्रोग्राम लिहीत नाही.' सगळे फिदीफिदी हसले. मीपण हसले, लाज वाटते मला आता. दुसऱ्या दिवसापासून तिला फ्लॉप्यांवर लेबलं चिकटवायला बसवलंत. महिन्याभरात गेली बिचारी सोडून. तेव्हापासून तुम्ही विचारता 'काही शंका?' आणि आम्ही अकरा जण शाळेतल्यासारखे, 'नाही सर'. मग आपला प्रोग्राम तरी वेगळा कसा निघेल? तोही आपल्यासारखाच. साहेबाला वाईट वाटेल म्हणून गप्प.

सुधीर : झालं भाषण? आता माझं ऐक. वागळे इस्टेटीत हा गाळा घेतला तेव्हा शेजारचे लेथवाले विचारायचे, तुमच्याकडे काय बनतं हो? मी सांगायचो, बुद्धी. हसायचे मला. त्यातून हे उभं केलंय. कोलशेतचं काम गेलं तर महिन्याभरात टाळं लागेल. ते या सगळ्यांना तू सांगणार आहेस का?

शीला : आणि दौलतला कोण सांगणार? चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची?

सुधीर : त्याला मिळेल काहीतरी. त्यांची होडी आहे, खाडी आहे.

शीला : खाडीत मासे उरलेत कुठे, सर? म्हणून तर टायपिंग शिकला तो.

सुधीर : खाजवून खरूज काढू नकोस, शीला. तो बघ, आलाच. पत्र न्यायला त्यालाच पाठवलंय त्यांनी. ये रे दौलत, बस. मी आतून पाकीट आणतो. तेवढ्यात कर सही.

दौलत : ताई, बरा हाय ना? चार वाजता जा बोल्लेले मना.

शीला : तुलाच पाठवलं? धाकू कसा आहे रे?

दौलत : डावा डोला गेला. उजव्याचा डाक्टर काय बोलत नाय. त्याची आय, आवडाबाई, माझी काकीच ती. मना बघून तोंड फिरवते. बरोबरच हाय तिचा. धाकू चिठ्ठी घेऊन वर आलेला ना, विचारायला. 'एवढा ॲसिड, दौलत?' मी बोल्लो, कम्प्युटरने दिलाय, वत तू.

शीला : दौलत, चूक तुझी एकट्याची नाही.

दौलत : माझीच ताई. माझा चुकला असता तर कम्प्युटर काय तरी बोल्ला असता, असा वाटला मना. तो गप, म्हणून मी पण गप.

शीला : नको रे असं बोलूस.

दौलत : आमच्या होडीवर असा नाय. तांडेल म्हंजे होडीचा मुख्य, त्याने जाला चुकीचा टाकला तर मागचा खलाशी पण आयमाय काढतो त्याची. तांडेल तापतो, पण जाला वाचतो ना! तुमच्या त्या कम्प्युटरला जरा वरडायला शिकवा ताई. माझ्यासाठी नाय, माझ्या जागेवर पुढे कोण बसंल, त्याच्यासाठी.

शीला : शिकवलेलं रे. ऐक, या पत्रात ना...

सुधीर : हे घे पाकीट. काय चाललंय?

शीला : काही नाही.

सुधीर : दौलत, काय म्हणाले तुझे साहेब?

दौलत : पत्र आला का ठरवू बोल्ले, मना ठेवायचा का नाय. पण ताई लिवणार म्हटल्यावर मना जरा धीर हाय. कम्प्युटर त्यांनीच शिकवला मना.

सुधीर : छान. शीला, सोमवारी जागा बदलायच्यात सगळ्यांच्या. प्रमोदिनीचं टेबल अजून रिकामंच आहे. बघू कोणाला बसवायचं. काही शंका?

शीला : नाही सर.

(शीला सही करते. पत्र घडी करून पाकिटात घालते आणि पाकीट चिकटवते.)

दौलत : द्या ताई, पळत जातो. साहेब निघायच्या आत पोचला पायजे. तुमी होतात म्हणून, ताई. नाय तर माझ्या बाजूने लिवणारा कोण होता?