इअरमफची शाबासकी

सेफ्टी ऑफिसर म्हणून मला आयुष्यात एकदाच शाबासकी मिळाली, ती कशी ते ऐका.

हडपसरच्या आमच्या कारखान्यात प्रेसशॉपमध्ये एवढा दणदणाट, की शेजारच्याशी हातवारे करून बोलायचं. आणि कान झाकायचे इअरमफ कायम खुंटीला! दसऱ्याला मशीनबरोबर त्यांनाही हळदकुंकू, झेंडूचं फूल, की परत खुंटीला. कारण सगळ्यात जुने ऑपरेटर कांबळेकाका ते घालत नसत.

"साहेब, बिघडायच्या आधी मशीनचा आवाज बदलतो. कान झाकून तो ऐकू कसा?"

आणि काका घालत नाहीत, म्हणून कुणीच घालत नसे. मी पोस्टरं लावली, भाषणं ठोकली, हात जोडले. ढिम्म!

परवा बघतो तर काकांच्या कानांवर इअरमफ. त्यांचं बघून दोन दिवसांत अख्ख्या लाईनने घातले. मॅनेजरनी माझी पाठ थोपटली, "लागू पडलं बरं का तुमचं ट्रेनिंग!"

मी खुशीत चहाच्या सुट्टीत, इअरमफ काढून कँटीनमध्ये बसलेल्या काकांना गाठलं. "काय काका, शेवटी मनावर घेतलंत?"

ते नुसतेच बघत राहिले. मग कानाशी तोंड नेऊन ओरडलो.

"मशीनचा आवाज बदललेला आता कळतच नाही, साहेब," ते म्हणाले. "मग कान उघडे ठेवून करू काय?"