तीन फुटांची आई

फोटो छापायच्या दुकानात माझ्यापुढे एक आई आणि तिचा मुलगा उभे होते.

"तीन फूट रुंद छापा. साठाव्या वर्षी खाडी पोहून बाहेर येतेय मी त्यात!"

"काकू, हा फोटो नऊशेच पिक्सल रुंद आहे. तीन फुटांवर ताणला तर इंचाला पंचवीस ठिपके येतील. चेहरा नुसता चौकोन-चौकोन दिसेल."

"कॉम्प्युटरवर वाढवा की, भाऊ."

"पाणी ओतून दूध वाढतं का, साहेब? मूळ फोटो कुठाय?"

"बायकोच्या फोनमध्ये. तिनं मला मेसेजवर पाठवला होता."

"तिथंच आकसला. आता डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा."

"दे रे फोन इकडे. अगं सूनबाई, माझा खाडीचा फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठव. हो, आत्ताच!"

"आला, काकू! पाच हजार चारशे पिक्सल! म्हणजे इंचाला दीडशे ठिपके. पापणीवरचा थेंबसुद्धा दिसेल."

"आणि चार फूट केला तर?"

"तरी झकास येईल."

"आई, एवढी भिंत कुठाय आपल्याकडे?"

"टीव्ही टांगलाय ना, तिथं. आजच उतरव तो."