आखूड दस्ता

वोलोग्दातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात नंबराची वाट पाहत बसलेल्या तैसियाच्या पुढच्या बाकावर दोन म्हातारे शिकारी बसले होते. बोलणं आपसूक कानावर पडत होतं.

"येफीम, ती स्वस्तातली दुनळी रायफल फेकलीस की नाही? दोन नळ्या, दोन गोळ्या दोन गावांना!"

"फेकतोय कशाला? नळ्या जुळवून घेतल्या. आता दोन्ही गोळ्या एका वाटीत बसतात. नेम धरायच्या टोकाच्या माशीला पांढरा ठिपका दिला, खांद्याला टेकायचा दस्ता कापून आखूड केला."

"अरे, तुझे हात हे एवढे लांब! तुला कसा पुरणार?"

"मला नाही रे, मारफाला."

"वहिनी शिकारीला?"

"मला कुठे धड दिसतंय आता! रविवारी रानडुक्कर अंगावर आलं. तिची पहिली गोळी हुकली, दुसरीनं लोळवलं."

"आणि तू?"

"मी तिच्या मागे उभा. इतकं निर्धास्त कधीच वाटलं नव्हतं."