उपाशी रक्त

चंदना : दादाजी, तुम्ही फक्त बाही वर करा. मुंगी चावल्यासारखं वाटेल, बस.

लखमीचंद : मुंगीले झटकता येते. तू तं सुई अन् नळी घेऊन बसली. आठ दिवस निसत्या उकळलेल्या पाण्यावर असलेला माणूस, त्याच्या अंगात उरलं तेबी काढून नेतं का?

चंदना : दोन चमचे! जैन स्थानकात आठ उपासांच्या अठाईला बसलेल्या सगळ्यांनी दिलं. रंजीताकाकूंनी तर हसत हसत हात पुढे केला. महाराजसाहेब म्हणाले, तपाला बाधा नाही. अख्ख्या रिसोडात तुम्ही एकटेच राहिलात.

अंगुरीबाई : तेजी आल्याबिगर माल सोडाची सवय नाई तुह्या दादाजीले.

लखमीचंद : तू मधात नको बोलू. चंदना, गिऱ्हाइकानं निसतं ‘दे’ म्हटलं अन् आमी देलं, असं दुकान चालते का? माल कायले पाहिजे, ते तं सांग. अकोल्याले तू शिकून काय राह्यली, हेच मले आजवर समजलं नाई.

चंदना : बरं, ऐका. आपल्या अंगात काही पेशी पहारेकरी असतात, जन्मापासूनच्या. त्यांना प्रत्येक रोग वेगळा शिकवावा लागत नाही. काटा रुतला, जंतू शिरले, की पहिल्यांदा त्याच धावतात. जागा लाल होते, गरम होते, सुजते, ती त्यांचीच धावपळ.

लखमीचंद : म्हणजे सूज ह्याइनंच आणली? मंग पहारेकरी कायचे?

चंदना : आणतात त्याच, आणि उतरवतातही त्याच. काम संपलं की त्यांच्यातल्याच काही जणी मेलेल्यांना गिळून जागा साफ करतात, बाकीच्यांना ‘आता पुरे’ असा निरोप देतात. मग जखम भरायला लागते.

अंगुरीबाई : भांडणबी त्याइचं अन् समजूतबी त्याइचीच. आपल्या घरी तं कामं वाटून घेतलेले आहेत. भांडण ह्याइचं, समजूत माही.

चंदना : तुमच्यासारख्या संधिवातात तो निरोपच नीट पोचत नाही, दादाजी. भांडायला कोणी नसलं तरी पहारेकरी सांध्यातच ठाण मांडून बसतात.

लखमीचंद : हमालासारखे. आवक नसली का यार्डात बसून एकमेकाइच्या खोड्या काढते.

चंदना : अगदी! आणि उपासात, पोटात आवकच थांबली, की रक्तातल्या यांच्यापैकी काही जणी हाडांच्या आत, जिथे त्या तयार होतात, तिथे परत जातात. थोड्या वेळच्या उपासात हे दिसलंय, उंदरांत जास्त, माणसांत कमी. आठ दिवसांत काय होतं, ते आम्ही बघतोय. म्हणून तर तुमचं रक्त सोनं आहे! नागपंचमीला तुम्हाला जिना चढवत नव्हता, आणि अठाईत गुडघ्याची सूज उतरली. तुम्हीच फोनवर सांगितलंत.

अंगुरीबाई : फोनवर? दुकानात येईन त्याले सांगून राह्यले. केनवडचा देवमन भाव इचाराले आलता, त्याले धोतर वर करून गुडघा दाखवला. तो बिचारा घरी जाऊन उपाशी बसला. त्याचा गुडघा तं ट्रॅक्टरवरून पडून गेलेला आहे!

लखमीचंद : चांगलं सांगू नाई का लोकाइले?

चंदना : मीही आमच्या मॅडमना सांगितलं. सूज असलेला तपस्वी दुसरा मिळालाच नाही. तुमचं रक्त पाहून पुढच्या वर्षी संधिवाताच्या लोकांवर वेगळं काम सुरू करायचं म्हणतात त्या.

लखमीचंद : मॅडमले कायले सांगतलं?

चंदना : का?

लखमीचंद : नजर लागते.

अंगुरीबाई : आजवर कोनाच्या गंड्यादोऱ्याले मानलं नाई, अन् आज नजर!

चंदना : मग उद्या घेऊ? पारण्याच्या आधी एकदा, नंतर एकदा. जेवण सुरू झालं की त्या पुन्हा लोंढ्यानं बाहेर येतात का, तेही बघायचंय.

लखमीचंद : उद्या कुठी येळ आहे? मंडप, बँड, शेलूबाजारचे पाहुणे...

अंगुरीबाई : घोडागाडीबी सांगतली. गुडघा उतरला, पण मिरवणुकीत पायी चालाले नको.

लखमीचंद : चंदना, ह्या रक्तात काय काय दिसते वं?

चंदना : कोणत्या पेशी किती, सूज किती.

लखमीचंद : अन् दुसरं? म्हणजे गोळीबिळी?

चंदना : कोणती गोळी?

अंगुरीबाई : सांगा ना आता. पोट्टी नळी धरून बसली.

(लखमीचंद बाही वर करतात, पुन्हा खाली ओढतात.)

लखमीचंद : उपासानं नाई उतरला तो. तिसऱ्या दिवशी उठताच येत नव्हतं. डॉक्टरची गोळी होती, पण ते उपाशीपोटी घ्याची नाई. म्हणून खाकरा खाल्ला. एक.

अंगुरीबाई : एक?

लखमीचंद : एका टायमाले एक.

चंदना : दादी, तुला माहीत होतं?

अंगुरीबाई : डबा कोन भरते वं? पयले वाटलं, उंदीर लागले. मंग म्हटलं, उंदीर खाऊन झाल्यावर झाकण नाई लावत. दुसऱ्या दिवशी डबा खालच्या फळीवर आणून ठेवला. तशा गुडघ्यानं वर हात कसा पुरन?

लखमीचंद : अन् तरी लोकाइले ‘आज सहावा, आज सातवा’ सांगत राह्यली?

अंगुरीबाई : म्या दिवस मोजले. उपास म्हटलंच नाई.

चंदना : दादाजी, मी हे रक्त अठाईवाल्यांत धरलं असतं तर? गोळीनं उतरलेली सूज उपासाच्या नावावर! ते वाचून कोणी आपल्या गोळ्या सोडल्या असत्या.

लखमीचंद : तो देवमन...

अंगुरीबाई : त्याच्या बायकोचा फोन आलता सकाळी. त्याले चक्कर येऊन राह्यली म्हणे, पाण्यात लिंबू चालते का?

लखमीचंद : मले काहून नाई सांगतलं? लाव त्याले फोन. थांब, मीच बोलतो... पण उद्या? लोक शाल घालतीन, पाया पडतीन. बाबूजीनं अठाई केली, दोन्ही भावाइनं केली. घरात एक मीच राह्यलो होतो. वाटलं, हातपाय चालते तोवर आपलीबी होऊन जावी.

अंगुरीबाई : महाराजसाहेबाजवळ जा आजच. ते प्रायश्चित्त देतीन. घोडागाडीत रंजीताले बसवा, तिची अठाई खरी आहे. मंडप कायचा वाया जाते?

लखमीचंद : अन् मी?

अंगुरीबाई : तिच्या पारण्यात वाढाले माणूस पाहिजेच.

चंदना : बसून वाढा हं, दादाजी. आणि गोळी चालूच ठेवा.

लखमीचंद : पोरी, उपास नसलेल्याचं रक्त तुले चालतच नाई का?

चंदना : चालतं ना. तुलनेला जेवणारेही लागतात. पण पर्युषणात कोण कबूल करतं, मी जेवतो म्हणून? तुमचं गोळीमुळे वेगळं ठेवावं लागेल, पण उपयोगी पडेल.

लखमीचंद : घे मंग. गोळी लिह, खाकरा लिह. अन् नावाफुडं लिह, जेवणारा.

अंगुरीबाई : हळू टोच वं, चंदना. उपाशी नसला तरी म्हातारा आहे तो.