एकोणिसाव्या मजल्यावरचा साबण

(उंच इमारतीचा एकोणिसावा मजला. खिडकी चार बोटं उघडी, आत मुलगी. बाहेर दोरांवर टांगलेल्या पाळण्यात काच पुसणारे काका. त्यांचा मेव्हणा गच्चीवर मोटरपाशी. तो वायरलेसवरून बोलतो.)

मुलगी: साबण लावा हो काका, पण पुसू नका!

काका: म्हणजे आंघोळ घालायची आणि अंगावर फेस तसाच ठेवायचा? खिडकी लाव बघू, पाणी आत येईल.

मुलगी: येऊ दे. आधी मागे बघा. समोरच्या इमारतीचा कठडा. दिसलं?

काका: कोंबडीएवढं काहीतरी फडफडतंय.

मुलगी: कोंबडी काय! बहिरी ससाण्याचं पिल्लू आहे ते. त्याची आई सकाळपासून पायात कबुतर धरून त्याच्यासमोरून घिरट्या घालतेय. भूक लागली असेल तर उडून ये म्हणते.

काका: कडक शिकवणी दिसतेय.

मेव्हणा: दाजी, कुणाशी गप्पा चालल्यात? बाराला मुकादम येणार आहे.

काका: आलोच रे. हं, तू बोल. पिल्लाचा आणि माझ्या साबणाचा काय संबंध?

मुलगी: तुम्ही पुसलेल्या काचेत आकाश दिसतं. ढगसुद्धा.

काका: दिसणारच! बावीस वर्षं पुसतोय.

मुलगी: पण त्याला कुठे कळतं ती काच आहे म्हणून? गेल्या वर्षीचं पिल्लू ह्याच काचेवर आदळलं. मला वाटलं, कुणी दार वाजवलं.

काका: कधी?

मुलगी: तुम्ही पुसून गेलात, त्याच्या दुसऱ्या दिवशी.

काका: मला कुणी सांगितलं नाही.

मुलगी: तुम्हाला कुठे शोधणार? तुम्ही वर्षातून एकदा येता. आई म्हणाली, त्यांचा काय दोष.

काका: हं.

मुलगी: रागावलात?

काका: नाही गं. हे कधी उडणार?

मुलगी: आजच. फार तर उद्या.

मेव्हणा: दाजी! अठराव्यावर सोडू का?

काका: नको. वर घे. एकविसाव्यावर.

मेव्हणा: तो झालाय ना?

काका: चकचकीत झालाय. म्हणूनच. त्याला परत फेस फासायचाय. मग विसाव्याला, मग ह्याला.

मेव्हणा: ऊन लागलं का तुम्हाला?

काका: समोर ससाण्याचं पिल्लू आहे. काचेवर आपटेल.

मेव्हणा: आणि मुकादम आपल्याला आपटेल, त्याचं काय? दुर्बीण लावून बघतो तो. एक ओघळ दिसला तर अख्खी बाजू पुन्हा करायला लावतो.

काका: लावू दे.

मेव्हणा: हे तुम्ही बोलताय? एका थेंबासाठी माझं डोकं खाणारे तुम्ही?

मुलगी: काका, त्यांना सांगा, ससाणे कबुतरं खातात.

काका: ऐकलंस? कबुतरं खातात म्हणे.

मेव्हणा: कबुतरं? म्हणजे आपण काच पुसली रे पुसली की जी वरून...

काका: तीच.

मेव्हणा: मग हे आधी नाही का सांगायचं! घेतो वर. चांगला घट्ट फेस कालवा. मुकादमाला सांगतो, नवीन साबण आहे, दोन दिवस मुरवावा लागतो.

काका: थापा नकोत. खरं काय ते मी सांगेन त्याला.

(एकविसावा आणि विसावा फेसाने माखून पाळणा पुन्हा एकोणिसाव्यावर येतो. काका इथेही फेस फासू लागतात.)

मुलगी: काका, खालचा कोपरा राहिला. तिथेही लावा.

काका: आता तू मुकादम झालीस का?

मुलगी: अजून वर. हां, तिथे. काका! काका, फटीतून दिसतंय, कठडा रिकामा आहे!

काका: निघालं! अगं, हे तर सरळ इकडेच येतंय! ए! ए बाबा, काच आहे, काच!

मुलगी: आदळल्याचा आवाज नाही आला. वळलं का? मला फेसातून काहीच दिसत नाहीये! काका, सांगा ना!

काका: वळलं.

मुलगी: नक्की?

काका: हळू बोल. इथेच बसलंय, पाळण्याच्या काठावर. माझ्यापासून हातभर.

मुलगी: लागलं नाही ना?

काका: नाही. नुसतं बघतंय माझ्याकडे. बादलीकडेपण.

मेव्हणा: दाजी, मुकादम आला. खाली उभा राहून हात हलवतोय. घेऊ का तुम्हाला वर?

काका: नको. मोटरला हात लावू नकोस.

मेव्हणा: अहो, मग त्याला सांगू काय?

काका: सांग, पाळण्यात आत्ता दोघं आहोत. त्यातलं एक फार दमलंय.